जर्मनीत नव्याने राहायला आलात? कचरा, घरसामान, स्वयंपाक आणि हीटर : पहिल्या वर्षात लावून घ्यायच्या सवयी

जर्मन लोक पर्यावरणाच्या बाबतीत फार जागरूक असतात, हे इथे येण्याआधीच आपल्या कानावर आलेलं असतं. इथे राहायला लागलं की त्यामागचं कारण हळूहळू कळतं. शेजारच्या आजी रिकाम्या बाटल्यांची पिशवी घेऊन दुकानात निघतात, कारण त्या बाटल्यांचे पैसे परत मिळतात. खालचा शेजारी दही संपल्यावर डब्याचं झाकण वेगळं काढतो, कारण वेगळं केलं तरच छाननी केंद्रातल्या यंत्राला दोन्ही ओळखता येतात. बाहेर बर्फ असताना समोरची बाई खिडक्या सताड उघडते, कारण तसं न केल्यास भिंतीला बुरशी येते आणि भुर्दंड तिलाच पडतो. जपून वापरणाऱ्याचं सोयीचं व्हावं आणि उधळपट्टी करणाऱ्याच्या खिशाला चाट बसावी, अशी ही व्यवस्था वर्षानुवर्षं कायदे करून बांधलेली आहे.

म्हणून नव्याने आलेल्यांना माझं सांगणं असं, की पहिल्याच आठवड्यात बांबूचे टूथब्रश आणि महागडं सेंद्रिय सामान घेत सुटू नका. आधी व्यवस्था समजून घ्या. पुढच्या पायऱ्या मी त्या ज्या क्रमाने आपल्यासमोर येतात त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

पायरी 1 : पहिला आठवडा, बाटल्या

दुकानात पाण्याच्या किंवा कोकच्या बाटलीच्या किमतीखाली बारीक अक्षरात आणखी 25 सेंट लिहिलेले दिसतील. हे ‘फांड’, म्हणजे अनामत. एकदाच वापरायच्या बाटल्या आणि कॅनवरची ही सक्तीची अनामत 1 जानेवारी 2003 रोजी सुरू झाली. तेव्हा युर्गन ट्रिटिन पर्यावरणमंत्री होते. 2022 पासून प्लॅस्टिक बाटलीतले फळांचे रसही तिच्यात आले आणि 2024 पासून दूध व दुधाची पेयंही.

बाटल्या परत करणं सोपं आहे. सुपरमार्केटच्या दाराशी किंवा आत कोपऱ्यात मशिन असतं. त्यात एकेक बाटली बुडाच्या बाजूने आडवी सरकवायची, शेवटी बटण दाबायचं आणि आलेली चिठ्ठी काउंटरवर द्यायची. तेवढे पैसे बिलातून वजा होतात किंवा रोख मिळतात. बाटली चुरगळू नका आणि लेबल फाडू नका, कारण मशिन बारकोड वाचतं. दुकान 200 चौरस मीटरपेक्षा मोठं असेल, तर दुसऱ्या दुकानातून घेतलेली बाटलीही त्यांना घ्यावी लागते. फक्त ज्या प्रकारच्या बाटल्या ते विकतात, म्हणजे प्लॅस्टिक, कॅन वगैरे, त्या प्रकारची ती हवी.

इथे नव्या माणसाचा एक गोंधळ होतो. जास्त अनामत असलेली बाटली जास्त चांगली असणार असं त्याला वाटतं, पण प्रकार नेमका उलटा आहे. 25 सेंटवाली बाटली मशिनमध्येच चिरडली जाते. 8 सेंटवाली बिअरची किंवा 15 सेंटवाली मिनरल वॉटरची बाटली धुऊन पुन्हा भरली जाते. लेबलवर ‘मेअरवेग’ हा शब्द शोधा, ती पुन्हा भरायची बाटली. इथल्या पाण्याची बारीक उंचवटे असलेली काचेची बाटली जरूर हातात घेऊन बघा. ग्युंटर कुपेट्झ यांनी 1969 साली तिचं डिझाइन केलं आणि वेगवेगळ्या कंपन्या तीच बाटली आपापलं लेबल लावून वापरतात. एक बाटली साधारण 50 वेळा भरली जाते. जुन्या बाटलीच्या पोटावर पांढरट घासलेले पट्टे दिसतात, ते भरण्याच्या कारखान्यात शेजारच्या बाटल्यांना घासून पडलेले असतात. पट्टा रुंद दिसला की समजायचं, बाटली बरीच हिंडून आली आहे.

खरं तर पिण्याचं पाणी विकत घ्यायची गरजच नाही. नळाचं पाणी थेट पिता येतं आणि त्याची तपासणी नेमाने होते. म्युनिकसारख्या ठिकाणी पाण्यात क्षार जास्त, त्यामुळे किटलीत पांढरा थर बसतो. तो सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्याने निघतो. रात्रभर नळात साचलेलं पाणी सकाळी थोडं वाहू द्या आणि ते कुंडीत घाला.

रस्त्यात असताना बाटली रिकामी झाली आणि सोबत न्यायची नसेल, तर कचराकुंडीत टाकू नका. कुंडीच्या बाजूला उभी करून ठेवा. बाटल्या गोळा करून चार पैसे मिळवणारी माणसं प्रत्येक शहरात आहेत. त्यांना कुंडीत हात घालावा लागू नये म्हणून इथे तशी पद्धत पडली आहे.

पायरी 2 : पहिला महिना, कचरा

पुण्यामुंबईकडून आलेल्या माणसाला ओला-सुका कचरा ठाऊक असतो. त्याचा इथे उपयोग होतो, पण निम्माच. ओला म्हणजे ‘बिओ’ हे बरोबर, पण सुक्याचे इथे चार-पाच भाग होतात. रद्दीवाला दारात येऊन वजन करून पैसे देईल, अशी सोयही नाही. जे काही न्यायचं ते आपल्याच हाताने.

पहिलं काम म्हणजे आपल्या शहराच्या सफाई विभागाच्या वेबसाइटवर जाऊन रस्त्याचं नाव टाकणं. कोणता डबा कोणत्या तारखेला उचलतात याचं वर्षभराचं वेळापत्रक मिळतं. ते मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. मित्राच्या शहरातला नियम आपल्याकडे लागू धरू नका. बर्लिनमध्ये पॅकिंगच्या डब्यात प्लॅस्टिकची आणि धातूची इतर सटरफटर वस्तूही चालते, बऱ्याच शहरांत फक्त पॅकिंगच चालतं. म्युनिकमध्ये कित्येक भागांत त्यासाठी घरापाशी डबा नसतो, चौकातल्या मोठ्या कंटेनरपर्यंत जावं लागतं.

साधारण विभागणी अशी. कागद आणि पुठ्ठा निळ्या डब्यात. प्लॅस्टिक, पत्रा आणि दुधाचे खोके पिवळ्या डब्यात किंवा पिवळ्या पिशवीत. भाज्यांची सालं, चहाचा चोथा, शिळंपाकं बिओच्या डब्यात, जो बहुतेक ठिकाणी तपकिरी असतो. बाकी उरलेलं काळ्या किंवा करड्या डब्यात, त्याला ‘रेस्टम्युल’ म्हणतात. डायपर, सॅनिटरी पॅड, फुटलेला कप, व्हॅक्युम क्लीनरची पिशवी, तेलकट झालेला पिझ्झाचा खोका, दुकानाची गुळगुळीत कागदावरची पावती, हे सगळं रेस्टम्युलमध्ये. उरलेली औषधंही बहुतेक शहरांत त्यातच टाकतात. संडासात ती कधीही ओतू नयेत.

आता दह्याचा डबा हातात घ्या, कारण सगळी पद्धत त्या एका डब्यात दिसते. बाहेर पुठ्ठ्याचं वेष्टन असतं. ते फाडलं की निळ्या डब्यात. वरचं अ‍ॅल्युमिनियमचं झाकण पूर्ण ओढून काढायचं, अर्धवट लोंबकळत ठेवायचं नाही. मग प्लॅस्टिकचा डबा आणि झाकण दोन्ही पिवळ्या डब्यात, पण वेगवेगळे. छाननी केंद्रात इन्फ्रारेड प्रकाश टाकून प्लॅस्टिकचा प्रकार ओळखतात आणि अ‍ॅल्युमिनियम वेगळ्या यंत्राने बाजूला फेकलं जातं. झाकण चिकटलेलं असेल किंवा एकात एक चार डबे खुपसलेले असतील, तर यंत्राला प्रकार कळत नाही आणि चांगला मालही जाळायला जातो. डबा पाण्याने धुवायची मात्र गरज नाही. चमच्याने खरवडून रिकामा केला की पुरे.

बिओच्या डब्यात ओला कचरा वर्तमानपत्रात गुंडाळून टाका. दुकानात ‘कंपोस्ट होणारी’ म्हणून विकली जाणारी प्लॅस्टिकसारखी पिशवी बहुतेक शहरांना नको असते, कारण खत होण्याच्या मुदतीत ती पुरती कुजत नाही. या कचऱ्यातून बायोगॅस आणि खत तयार होतं. मे 2025 पासून त्यातल्या प्लॅस्टिकबद्दल नियम आणखी कडक झाले आहेत. डब्यात भेसळ दिसली की गाडीवाले तो तसाच सोडून जाऊ शकतात. मग तो रेस्टम्युल म्हणून जादा पैसे भरून उचलावा लागतो आणि तो खर्च अख्ख्या इमारतीच्या माथी बसतो. शेजाऱ्यांशी कटुता यायला एवढं पुरतं.

आपल्या स्वयंपाकघरासाठी एक खास सूचना. तळणीचं तेल सिंकमध्ये ओतू नका. थंड झालं की रिकाम्या बरणीत भरा, झाकण घट्ट लावा आणि रेस्टम्युलमध्ये टाका. काही शहरांत ते वेगळं गोळा करतात, तिथे तर फारच उत्तम.

लोणच्याच्या, जॅमच्या बरण्या आणि वाइनच्या बाटल्या चौकातल्या काचेच्या कंटेनरमध्ये जातात : पांढरी, तपकिरी आणि हिरवी. निळी किंवा आणखी कुठल्या रंगाची बाटली हिरव्यात टाकायची. पाणी प्यायचा ग्लास, आरसा, चिनी माती त्यात चालत नाही. आणि रविवारी किंवा रात्री काच टाकायला जाऊ नका. खळखळाट होतो म्हणून मनाई असते आणि वेळा कंटेनरवर लिहिलेल्या असतात. संपलेले सेल सुपरमार्केटमधल्या पेटीत टाका. 25 सेंटिमीटरपर्यंतचं बिघडलेलं उपकरण, मग तो चार्जर असो की टोस्टर, मोठ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांना तुम्ही काही विकत घेतलं नाही तरी परत घ्यावंच लागतं. जुलै 2022 पासून उपकरणं विकणाऱ्या मोठ्या सुपरमार्केटनाही तेच बंधन आहे.

पायरी 3 : घर लावणं

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच पायरी. नवा माणूस वर्षभरात जेवढ्या वस्तू घेतो त्यातल्या बहुतेक पहिल्या दोन महिन्यांत घेतो. जर्मनीत भाड्याचं घर बहुधा अगदी रिकामं मिळतं. दिवे नसतात, पडद्याचे दांडे नसतात, कित्येकदा स्वयंपाकघराचा ओटाही नसतो. अशा वेळी घाईत स्वस्तातलं नवं फर्निचर आणलं, की दोन घरं बदलेपर्यंत ते खिळखिळं होऊन फेकायची वेळ येते. थोडं थांबून जुनं घ्या. इथलं तीस वर्षांपूर्वीचं लाकडी कपाट आजच्या भुशाच्या फळीपेक्षा नक्कीच जास्त टिकतं.

घर घेताना आधीच्या भाडेकरूला विचारा, ओटा किंवा कपाटं विकायची आहेत का. तो ती पुढच्या भाडेकरूला ठरावीक किमतीत देतो, ही इथली रूढ पद्धत आहे. मग येतं ‘क्लाइनआन्झायगेन’ हे संकेतस्थळ, ज्याच्यावर अर्धा जर्मनी जुन्या वस्तू विकतो. किमतीपुढे ‘व्हीबी’ लिहिलं असेल तर घासाघीस चालते. फुकट द्यायच्या वस्तूंसाठी ‘त्सु फरशेंकेन’ हा वेगळा विभाग आहे. पहिल्याच निरोपात ‘शेवटची किंमत किती?’ असं विचारू नका, ते उद्धट समजलं जातं आणि उत्तरच येत नाही. निरोप असा धाडा : गुटन टाग, टेबल अजून आहे का, मी शनिवारी सकाळी अकरा वाजता येऊन नेऊ शकतो, आणि खाली आपलं नाव. ठरल्या वेळी पोचा. वस्तू बघून मगच रोख पैसे द्या. ‘सुरक्षित पेमेंट’ म्हणून कोणी लिंक धाडून कार्डाचा नंबर मागू लागलं, तर तिथेच बोलणं थांबवा. अशा फसवणुकीत नवखी माणसंच जास्त सापडतात.

काही शहरांच्या सफाई विभागांनी स्वतःची जुन्या वस्तूंची दुकानं काढली आहेत. हॅम्बुर्गमध्ये ‘श्टिलब्रुख’, म्युनिकमध्ये ‘हाले 2’ आणि बर्लिनमध्ये 2020 साली उघडलेलं ‘नॉखमॉल’. टाकून दिलेल्यातलं जे धडधाकट असतं ते तपासून इथे विकायला ठेवतात. याशिवाय ऑक्सफॅम या सेवाभावी संस्थेची दुकानं आहेत आणि जवळपास प्रत्येक शहरात ‘सोत्सिआलकाउफहाउस’, म्हणजे समाजसेवी संस्थेने चालवलेलं जुन्या वस्तूंचं स्वस्त दुकान असतं. लहान मुलं असतील तर वसंतात आणि शरदात बालवाड्यांमधून पालक जो बाजार भरवतात, तो चुकवू नका. मुलांचे बर्फातले बूट आणि जाड जॅकेट एका हिवाळ्यात तोकडे होतात आणि तिथे ते जवळजवळ नवे मिळतात.

रस्त्याकडेला खोक्यात वस्तू ठेवून वर ‘त्सु फरशेंकेन’ लिहिलेलं दिसलं, तर खुशाल घ्या. पण शहराने उचलून न्यावं म्हणून बाहेर ठेवलेलं मोठं सामान, ज्याला ‘श्पेरम्युल’ म्हणतात, ते उचलायला काही ठिकाणी परवानगी नसते. आधी विचारा. सुपरमार्केटच्या मागच्या कचरापेटीतून अन्न काढणं तर कायद्याने चोरीच ठरते, आणि घटनात्मक न्यायालयाने 2020 साली त्या शिक्षेत हस्तक्षेप करायला नकार दिला. व्हिसावर राहणाऱ्या माणसाने त्या वाटेला जाऊच नये. अन्न वाचवायचे सरळ मार्ग पुढे सांगते.

सगळंच जुनं घ्यावं असं माझं मत नाही. गादी नवी घ्या. सायकलचं हेल्मेट आणि मुलांची गाडीतली सीट नवी घ्या, कारण आधी आपटलेली असेल तर बाहेरून कळत नाही. फ्रिज फार जुना असेल तर स्वस्तात मिळाला तरी सोडा, विजेच्या बिलात तो महाग पडतो.

भारतातून काय आणावं हेही याच हिशेबात येतं. मिक्सर आणा, विजेचा दाब दोन्हीकडे सारखा आहे, फक्त प्लगचं अ‍ॅडॉप्टर लागतं. कुकर मात्र सपाट बुडाचा, स्टीलचा आणि इंडक्शनवर चालणारा आणा. साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनच्या शेगडीवर तापतच नाही.

पायरी 4 : खाणं

जर्मनीत दरवर्षी सुमारे 1.1 कोटी टन अन्न वाया जातं आणि त्यातलं निम्म्याहून अधिक घराघरांतून. म्हणजे सुधारणेला सगळ्यात जास्त वाव आपल्या फ्रिजमध्ये आहे.

पाकिटावरच्या दोन तारखांमधला फरक आधी शिका. ‘मिन्डेस्टेन्स हाल्टबार बिस’ म्हणजे या तारखेपर्यंत वस्तू उत्तम राहण्याची उत्पादकाची हमी. ती तारीख उलटली म्हणून दही, पीठ, बिस्किटं फेकायची नसतात. बघा, वास घ्या, चाखून पाहा. ‘त्सु फरब्राउखेन बिस’ ही मात्र कच्चा खिमा, मासे अशा नाशवंत मालावरची तारीख. तिच्यानंतर तो खायचा नाही. पहिल्या प्रकारची तारीख जवळ आलेला माल सुपरमार्केटमध्ये कमी किमतीचं स्टिकर लावून वेगळा ठेवतात. दूध आणि पनीरासाठी तो खण आधी पाहा.

‘टू गुड टू गो’ या अ‍ॅपवर बेकऱ्या आणि हॉटेलं दिवसअखेरीचा उरलेला माल कमी पैशात देतात. पिशवीत काय असेल ते आधी कळत नाही, म्हणून शाकाहारी असाल तर तशी नोंद असलेलीच पिशवी घ्या. 2012 पासून चालू असलेली ‘फूडशेअरिंग’ ही चळवळ तर पैसेच घेत नाही. तिचे स्वयंसेवक दुकानांशी ठरवून उरलेलं अन्न उचलतात, आणि कितीतरी शहरांत त्यांचे सार्वजनिक फ्रिज व कपाटं आहेत. तिथून कोणीही घ्यावं, कोणीही ठेवावं. सुट्टीवर निघताना उरलेल्या भाज्या मी तिथेच नेऊन ठेवते.

आठवडी बाजाराला, म्हणजे ‘वोखेनमार्क्ट’ला, जायची सवय लावून घ्या. रविवारी दुकानं बंद असतात, त्यामुळे शनिवार सकाळच्या बाजारात निम्मं गाव भेटतं. आपल्याला लागणाऱ्या भाज्या इथे पिकत नाहीत हा समज चार फेऱ्यांत दूर होतो. ‘डिल’ म्हणून जी जुडी जर्मन माणूस माशावर चार काड्या भुरभुरायला घेतो, तो आपला शेपू. मुगाची डाळ घालून तिची भाजी अगदी घरच्यासारखी होते. ‘कोहलराबी’ म्हणजे नवलकोल, आणि विक्रेते पाला तोडून टाकायच्या आत मागून घेतलात तर पाल्याचीही भाजी होते. कोबी, फ्लॉवर, पालक, बीट, मुळा हे आहेतच. शरदात येणारा केशरी होक्काइडो भोपळा सालासकट शिजतो, त्याचं भरीत आणि घारगे दोन्ही छान होतात.

डाळींचंही तसंच. दक्षिणेकडे श्वेबिश आल्ब डोंगरावर मसुराची शेती परत सुरू झाली आहे. तिथलं जुनं वाण नामशेष झालं असं सगळे धरून चालले होते. 2006 साली सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव्ह संस्थेच्या बियाण्यांच्या संग्रहात ते सापडलं आणि शेतकऱ्यांनी मूठभर बियांपासून ते वाढवलं. ‘आल्ब-लायझा’ नावाने तो मसूर मिळतो. महाग आहे, रोजच्या आमटीला परवडणार नाही, पण एकदा तरी उसळ करून पाहा.

भाजी मोसमातली घ्या. शतावरीसारखी पांढरी ‘श्पार्गेल’ एप्रिलच्या मध्याला येते आणि 24 जूनला तिचा हंगाम रीतसर संपतो. उन्हाळ्यात स्ट्रॉबेरी आणि चेरी, थंडी पडली की ‘ग्र्युनकोल’, म्हणजे केलची पालेभाजी. जानेवारीतला टोमॅटो बहुधा स्पेनहून आलेला किंवा गरम केलेल्या हरितगृहातला असतो. त्या दिवसांत आमसूल, चिंच किंवा डब्यातला टोमॅटो वापरा. कढीपत्ता एशियन दुकानातून आणलात तर धुऊन, कोरडा करून फ्रीझरमध्ये ठेवा, महिनोन्महिने टिकतो. हापूसचं मात्र मन घट्ट करून सांगते : तो विमानाने येतो. वर्षातून एक पेटी चार घरांनी वाटून घ्यावी.

अंड्यावर छापलेला पहिला आकडा वाचा. 0 म्हणजे सेंद्रिय, 1 म्हणजे मोकळ्यावर हिंडणाऱ्या कोंबडीचं, 2 म्हणजे बंद कोठारातल्या, 3 म्हणजे पिंजऱ्यातल्या. पुढची अक्षरं देशाची, जर्मनीसाठी ‘डीई’. सेंद्रिय मालावर युरोपीय संघाचं हिरव्या पानाचं चिन्ह असतं. ‘बिओलांड’, ‘नाटुरलांड’ आणि ‘डेमेटर’ या सेंद्रिय शेतीच्या संघटनांचे नियम त्याहून कडक. सगळंच सेंद्रिय घेणं विद्यार्थ्याला झेपत नाही, तसा हट्टही धरू नये. मी दूध आणि अंडी सेंद्रिय घेते, बाकी मोसमानुसार.

बाहेरून जेवण आणताना आपला डबा न्या. जानेवारी 2023 पासून मोठ्या हॉटेलांना पुन्हा वापरायच्या डब्याचा पर्याय ठेवावाच लागतो, आणि लहानांनी तुम्ही नेलेला डबा भरून द्यायचा असतो. ट्युबिंगेन शहराने 2022 पासून एकदाच वापरायच्या कपांवर आणि डब्यांवर कर लावला. प्रकरण थेट घटनात्मक न्यायालयात गेलं आणि जानेवारी 2025 मध्ये निकाल शहराच्या बाजूने लागला. तेव्हापासून इतर शहरंही त्या वाटेने निघाली आहेत.

पायरी 5 : हिवाळ्याआधी, हीटर आणि खिडक्या

घरात लागणाऱ्या एकूण ऊर्जेतला सगळ्यात मोठा वाटा घर गरम ठेवण्यात जातो. त्यापुढे दिवे आणि मोबाइलचे चार्जर किरकोळ आहेत. रेडिएटरच्या फिरकीवरचा 3 म्हणजे साधारण 20 अंश, आणि एकेका आकड्यामागे सुमारे 4 अंशांचा फरक. बाहेरून आल्या आल्या 5 वर फिरवल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त जास्त तापत राहते. 3 वर ठेवा आणि स्वेटर घाला. खोलीचं तापमान एक अंशाने उतरवलं तर हीटिंगची सुमारे 6 टक्के ऊर्जा वाचते. रेडिएटरसमोर सोफा किंवा लांब पडदा नको.

आता खिडक्या. आपल्या स्वयंपाकात कुकरच्या शिट्ट्या, उकळती आमटी, इडलीची वाफ, भाताची पेज, आणि शिवाय घरातच वाळत घातलेले कपडे. हा सगळा दमटपणा थंड भिंतीवर जाऊन बसतो आणि महिन्याभरात कोपऱ्यात काळी बुरशी दिसू लागते. घर सोडताना त्यावरून घरमालकाशी वाद होतो आणि अनामत अडकते. ती अनामत तीन महिन्यांच्या भाड्याइतकी असू शकते. उपाय आहे ‘श्टोसल्युफ्टेन’ : फिरकी बंद करायची, समोरासमोरच्या खिडक्या पूर्ण उघडायच्या, कडक थंडीत पाच मिनिटं, एरवी दहा-पंधरा, आणि मग बंद. दिवसातून दोन-तीनदा. स्वयंपाक आणि आंघोळ झाल्यावर लगेच. पाच मिनिटांत हवा बदलते, भिंती मात्र गरम राहतात, त्यामुळे खोली पटकन पुन्हा उबदार होते. खिडकी वरून थोडी तिरपी उघडून दिवसभर ठेवणं हा सगळ्यात वाईट प्रकार. हवा नीट खेळत नाही, खिडकीभोवतीची भिंत गार पडते आणि बुरशी नेमकी तिथेच धरते.

हीटिंगचे पैसे दरमहा अंदाजाने कापले जातात आणि खरा हिशेब नंतर येतो, कधी कधी वर्ष उलटून गेल्यावर. म्हणून पहिल्या हिवाळ्यातली उधळपट्टी दुसऱ्या हिवाळ्यात समोर उभी राहते.

पायरी 6 : वीज

घरात राहायला आलात आणि काहीच केलं नाहीत, तर वीज आपोआप त्या भागातल्या मुख्य कंपनीकडून येते, बहुधा महाग दराने. हा करार दोन आठवड्यांच्या नोटिशीवर सोडता येतो. नवा घेताना ‘ग्र्युनर श्ट्रोम’ किंवा ‘ओके पॉवर’ यांपैकी एखादं चिन्ह आहे का ते पाहा. त्यांच्या अटींप्रमाणे कंपनीला नव्या अक्षय ऊर्जेला हातभार लावावा लागतो.

या क्षेत्रातली शोनाउची गोष्ट मला फार प्रिय आहे. ब्लॅक फॉरेस्टमधलं हे लहानसं गाव. 1986 साली चेर्नोबिलचा अपघात झाल्यावर तिथले पालक मुलांच्या काळजीने एकत्र आले. आधी वीज वाचवायच्या स्पर्धा घेतल्या, मग दोनदा गावात सार्वमत जिंकलं आणि 1997 साली गावाच्या विजेचं जाळंच विकत घेतलं. आज ती सहकारी संस्था देशभर वीज विकते. सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला यात ओळखीचं खूप काही सापडेल.

बाल्कनी दक्षिणेकडे असेल तर कठड्याला लावायचे दोन सौर पॅनेल घेता येतात. 800 वॉटपर्यंतच्या इन्व्हर्टरला सोपी ऑनलाइन नोंदणी पुरते. ऑक्टोबर 2024 पासून घरमालकाला त्यासाठीची परवानगी सबळ कारणाशिवाय नाकारता येत नाही.

पायरी 7 : येणं-जाणं

जुनी सायकल घ्या, कुलूप मात्र नवं आणि भक्कम घ्या. पुढचा-मागचा दिवा सक्तीचा आहे. विद्यापीठात विद्यार्थी संघाची दुरुस्ती कार्यशाळा असेल, तर हत्यारं तिथे फुकट मिळतात आणि कोणीतरी शिकवतंही. ‘डॉइचलांडटिकेट’ या महिन्याच्या पासावर देशभरच्या लोकल गाड्या, ट्राम आणि बस चालतात, आयसीईसारख्या वेगवान गाड्या नाहीत. मे 2023 मध्ये ते 49 युरोंना सुरू झालं, 2025 मध्ये 58 आणि 2026 पासून 63 युरो झालं. महिन्याच्या 10 तारखेपर्यंत रद्द केलं तर पुढचा महिना लागत नाही.

आणि भारताचा प्रवास. जर्मनीतल्या एका माणसामागे वर्षाला सुमारे 10 टन कार्बन उत्सर्जन होतं असा इथल्या केंद्रीय पर्यावरण संस्थेचा हिशेब आहे, आणि मुंबईची एक परतीची विमानफेरी त्यात मोठी भर घालते. आईवडिलांना भेटायला जाऊ नका असं मी कुणालाही सांगणार नाही. पण दोन आठवड्यांच्या दोन खेपांऐवजी सुट्ट्या जोडून महिन्याभराची एकच खेप करा. घरच्यांनाही ती जास्त पावते.

शेवटची पायरी : घर सोडताना

नोकरी बदलते, शहर बदलतं आणि घाईत भरपूर सामान कचऱ्यात जातं. ते टाळायला दोन महिने आधी सुरुवात करा. मोठ्या वस्तू क्लाइनआन्झायगेनवर टाका, किंवा पुढच्या भाडेकरूलाच विचारा. धुतलेले, घालण्याजोगे कपडे आणि जोडीने बांधलेले बूट कपड्यांच्या कंटेनरमध्ये, पिशवीत भरून. पुस्तकं चौकातल्या सार्वजनिक कपाटात. बिघडलेला मिक्सर फेकायच्या आधी ‘रेपेअर कॅफे’त न्या. ही कल्पना 2009 साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये सुरू झाली आणि आता जर्मनीतल्या बहुतेक शहरांत महिन्यातून एखाद्या शनिवारी स्वयंसेवक येऊन फुकट दुरुस्ती करून देतात. सुटा भाग लागला तर तेवढेच पैसे. डाळी, मसाले, पापड नव्याने आलेल्या एखाद्या मराठी कुटुंबाला द्या, तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर घेणारे तासाभरात भेटतात.

जे खरोखर कुणाच्याच कामाचं नाही त्यासाठी श्पेरम्युलची तारीख घ्यावी लागते. ती चार-चार आठवडे पुढची मिळते, म्हणून घर सोडायची नोटीस द्याल त्याच दिवशी तीही मागून घ्या.